घरी पळणारी गाडी

प्रिय हेलेवी,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला. पण इतक्या वर्षांत तुला दुसऱ्या कुठल्या शब्दाने पत्र सुरू केलेलं नाही, आता या वयात नवा कुठून शोधू? फोन तू उचलत नाहीस. परवा दुकानात मला पाहून तू काळ्या पावाच्या मांडणीमागे लपलीस. अगं, पन्नाशीच्या बाईने लपायचं तर नीट तरी लपावं, तुझा तो पिवळा रेनकोट आख्ख्या गावात एकच आहे. गल्ल्यावरची आनेली, जिच्या तोंडाला एरवी खळ नसतो, ती माझ्याशी हवेबद्दलसुद्धा बोलली नाही. म्हणजे गावात काय चाललंय ते मला कळतं. मारेटने हेलेवीच्या मेलेल्या नवऱ्याची गाडी परक्याला देऊन टाकली. सख्ख्या मैत्रिणीने केसाने गळा कापला. हे तू सांगत फिरतेस की लोक आपले आपण जुळवतात, देव जाणे. पण तू ते खोडून काढलेलं नाहीस, एवढं मला ठाऊक आहे.

म्हणून लिहायला बसले. तुला माहीत असलेलंही सगळं लिहिणार आहे, अगदी पहिल्यापासून. कारण सध्या तू काहीच माहीत नसल्यासारखी वागतेस, आणि मला मध्येच कोणी 'तसं नव्हतं गं' म्हणायला नको आहे.

सोरासुओच्या ट्रॅकवर शर्यतीत माझी जुनी हिरवी गाडी उलटली, तेव्हा मला बाहेर ओढणारी पहिली तू होतीस. मी पट्ट्यांना उलटी लटकत होते आणि तू खिडकीतून डोकं घालून म्हणालीस, "वटवाघळा, उतर खाली, कॉफी निवतेय." मी त्या अवस्थेतही हसले होते. गळ्याजवळचं हाड जुळलं, पण भीती काही गेली नाही. कामावर ग्रंथालयाची फिरती बस चालवताना प्रत्येक वळणाआधी मी ब्रेकवर पाय ठेवायला लागले. त्या बसमध्ये पुस्तकं असतात, बाई, बॉम्ब नाहीत, असं स्वतःला सांगायचे. तरी पाय जायचाच. शाळेतल्या मुलांनी बसचं नाव गोगलगाय ठेवलं. हे सगळं मी एकाच माणसाला सांगितलं, तुला. सौनाच्या वाफेच्या खोलीत आपण दोघीच होतो. मी म्हटलं, "हेले, माझी हिंमत संपली गं. मला पुन्हा गाडी चालवता येणार नाही." तू दगडांवर पाणी ओतलंस, वाफ ओसरू दिलीस, आणि म्हणालीस, "आर्मासची गाडी घे. ती चालव. मग बघू."

आर्मासची गाडी. तुझा नवरा गेल्यावर शर्यतींच्या क्लबातल्या अर्ध्या लोकांनी ती मागितली होती. त्याने ती तुमच्या जुन्या गोठ्यात एकेक तुकडा जमवून उभी केली आणि पहिल्या शर्यतीआधीच तो जंगलात काम करता करता कोसळला. त्यानंतर ती ताडपत्रीखाली होती आणि तू तिला कोणाला हात लावू देत नव्हतीस. ती तू मला दिलीस. माझ्या नावावर उतरवायला दिलीस, स्वतः माझी मेकॅनिक झालीस. मी तुझ्या गोठ्यात उभी राहून लहान पोरीसारखी रडले. त्या दिवशी तू जे दिलंस ते खऱ्या मनाने दिलंस, हे मी आजही मानते. म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

आता नियमाचं. आपल्या या शर्यतींचा नियम तुझ्या-माझ्यापेक्षा जुना आहे. त्या दिवशी धावलेल्या कुठल्याही गाडीवर, लायसन्स असलेल्या कोणीही बोली लावावी. किंमत सगळ्या गाड्यांना एकच, वर्षानुवर्षं ठरलेली. चिठ्ठी पेटीत टाकायची, जास्त चिठ्ठ्या आल्या तर एक उचलायची, ज्याचं नाव निघेल त्याची गाडी. ज्याने ती चालवली त्याने मुकाट्याने द्यायची. नाही म्हटलं तर त्याचं लायसन्स गेलं. त्यामुळे कोणी गाडीत पैसा ओतत नाही, आणि दूधवाल्याची गाडी डॉक्टरच्या गाडीला घासून जाते. त्यामुळेच आपल्याकडे ज्याची गाडी चांगली तो ती जितकी कुरूप ठेवता येईल तितकी ठेवतो. पोचे काढायचे नाहीत, दार वेगळ्या रंगाचं, बंपर दोरीने बांधलेला. तू आर्मासच्या गाडीला कोठाराचा उरलेला तपकिरी रंग फासलास तेव्हा आपल्याच क्लबातून शर्यतीत उतरणारी पिर्को म्हणाली होती, "हेलेवी, रंग दिलास की गाय बसली होती हिच्यावर?" क्लबाचा सगळा तंबू हसला, तूही हसलीस. मला वाटलं, गाडी वाचवायचा तुझा उपाय तो एवढाच.

मेमध्ये आपण ती तुमच्या शेतरस्त्यावर काढली. आठवतं ना? दलदलीच्या कडेने तो लांब रस्ता, मग डावीकडचं आखूड वळण. मी घाबरत घाबरत पाय दाबला आणि ती वळणातून अशी बाहेर आली की मीच मोठ्याने ओरडले. तू कुंपणावर बसून टाळ्या वाजवत होतीस. त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी शांत झोपले. आणि आठवड्याभराने पहिल्या शर्यतीत तीच गाडी, तोच पाय, तीच मी, आणि गाडी रडायला लागली. उभ्या जागी थरथरत होती. वळणातून निघताना पेडल दाबलं की आधी गुदमरायची, मागून काळा धूर, मग एकदम हिसका. तोवर सगळ्या गाड्या मला ओलांडून गेलेल्या असायच्या. मी शेवटी आले. तू थर्मास घेऊन आलीस, माझ्या पाठीवर हात ठेवलास आणि किती मायेने म्हणालीस, "इंजिनाला काही झालेलं नाही, मी काल सगळं बघितलंय. पाय आहे तुझा, मारेट. वळणावर घाबरून सोडतेस आणि मग एकदम दाबतेस. कुठलंही इंजिन गुदमरेल."

मी ते मान्य केलं नव्हतं. मी हट्टाने दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे आले, पुन्हा शेतरस्त्यावर गाडी काढायला लावली. आणि ती पुन्हा सुरेख पळाली. धूर नाही, हिसका नाही. तू नुसते खांदे उडवलेस. बोलायची गरजच नव्हती. घरी गाडी नीट, शर्यतीत आजारी. मधे बदलतं काय? गर्दी बदलते, आणि माझी भीती. म्हणजे दोष माझा. माझ्या जागी कोणीही असतं तरी हेच म्हणालं असतं.

सगळा उन्हाळा असाच गेला. दर वेळी घरी पळायची आणि शर्यतीत रडायची. मी एकदा म्हटलंही, "हेले, पेट्रोलचा वास येतोय, आणि डबा लवकर संपतो." तू म्हणालीस, "घाबरलेला माणूस पेट्रोल जास्तच जाळतो." मी तेही ऐकून घेतलं. डॅशबोर्ड कधीच काढून टाकलेला, त्यामुळे एखादा दिवा लागून चुगली करेल ही सोयही नव्हती. स्पार्क प्लग काढायची वेळ आली की तू मला हटकून पिटाळायचीस. "जा, सॉसेज घेऊन ये, मोहरी सढळ घाल म्हणावं." मी परत येईपर्यंत बॉनेट बंद. गाडी ट्रेलरवर चढवायचं काम तू शुक्रवारी एकटी करायचीस. "तू बसवर दमून येतेस, मी करते." मी जगाला सांगत फिरायचे की माझी हेलेवी मला बोटसुद्धा काळं करू देत नाही. आता आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

जुलैमध्ये मी ग्रंथालयाच्या साहेबांना भेटले आणि सांगितलं की शरद ऋतूपासून मला बस नको, टेबलावरचं काम द्या. किती वर्षं ती बस चालवली मी. बर्फात, चिखलात, कुठल्या वाडीवरच्या कुठल्या आजीला कुठली खुनाची गोष्ट हवी ते मला तोंडपाठ. ते सगळं सोडायला निघाले, कारण मला वाटलं एक दिवस माझा पाय घाबरेल आणि समोर कोणीतरी असेल. हे सांगायला मी सरळ तुझ्याकडे आले. गुरुवार होता, तू वाटाण्याचं सूप ढवळत होतीस. मी बोलत होते आणि रडत होते. तू माझ्याकडे पाठ करून ढवळतच राहिलीस. आणि म्हणालीस, "बरंच झालं. हिवाळ्यात रस्ते वाईटच असतात."

हेले, बाकीचं सगळं मी एक वेळ गिळीन. पण ते सूप मला गिळवत नाही. त्या वेळी तुला एक वाक्य बोलायचं होतं. पाठ करूनच बोलायचं होतंस, मी तुझं तोंडही बघितलं नसतं.

मग ऑगस्ट. मी ठरवलं की सोरासुओची शर्यत शेवटची. जिथे उलटले तिथेच हेल्मेट काढून ठेवायचं. नेमकं त्या दिवशी तुझ्या भाचीचं चर्चमधलं कन्फर्मेशन निघालं, तुला कोक्कोलाला जावं लागलं. तू किती वेळा म्हणालीस, "एकटी नको जाऊस, पुढच्या वेळी दोघी जाऊ." मी म्हटलं, पुढची वेळच नाहीये. गाडी तू शुक्रवारीच चढवून ठेवली होतीस. मी शनिवारी सकाळी ओढून नेली.

पहिल्या फेरीत नेहमीप्रमाणे शेवटी. परत येऊन गाडीत तशीच बसून राहिले, तर पिर्को काचेवर टकटक करायला लागली. तिला तू ओळखतेसच, आवाज घोड्याला बुजवणारा. "अगं ए, सासूबाई, किती धूर काढतेस! माझे कपडे वाळत घातलेत तिकडे." मी म्हटलं, "पाय आहे माझा, पिर्को. घाबरते मी." ती म्हणाली, "पाय? पाय काय पेट्रोल ओततो होय?" आणि मला विचारायच्या आत तिने बॉनेट उघडलं. प्लग काढला, काजळीने माखलेला. मग इंजिनामागच्या पत्र्यावरची ती काडेपेटीएवढी डबी तिने बोटाने टिचकावली. रबरी नळी, एक वायर. मी ती आजवर शंभरदा बघितली असेन, कधी विचारलं नव्हतं. पिर्को सांगायला लागली की हा हवेचा दाब मोजणारा सेन्सर. इंजिनात किती हवा जातेय ते हा कॉम्प्युटरला सांगतो आणि कॉम्प्युटर त्या हिशेबाने पेट्रोल सोडतो. "हा मेला खोटं बोलतोय. हवा थोडी, आणि हा सांगतो भरपूर आली. मग बिचारं इंजिन पेट्रोल पितंय आणि ठसकतंय." तिने वायर काढली आणि गाडी चालू करायला सांगितली. थरथर निम्मी झाली. "बघ," ती म्हणाली, "नुसतं तोंड बंद केलं तरी बरी चालते." आणि तिच्या खोक्यातला एक जास्तीचा सेन्सर आणून तिने स्वतः बसवला. मी तिचीच प्रतिस्पर्धी. पण आपल्याकडे यात कोणाला काही वाटत नाही, सुटा भाग दिला नाही तरच लोक बोलतात.

अंतिम फेरी कशी सांगू? भीती होती गं, होतीच. पहिल्या वळणावर मी वाट बघत होते, आता गुदमरेल, आता हिसका देईल. तिने काहीच केलं नाही. मी पेडल दाबून धरलं आणि ती निघाली, शेतरस्त्यावर निघायची तशीच. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी पाय सोडलेला नाही. सोडतच नव्हते. सगळा उन्हाळा सोडलेला नव्हता. हेल्मेटच्या आत मी रडत होते, आणि एकेक गाडी मागे टाकत होते. पिर्कोलाही शेवटच्या वळणावर मागे टाकलं, आणि ती उतरल्या उतरल्या म्हणाली, "मूर्ख मी, कशाला दिला तो सेन्सर हिला." मग तिने मला उचललंच.

पहिला फोन तुलाच करणार ना मी? दुसरं कोण आहे मला? मागे कपबश्यांचा आवाज येत होता, कोणीतरी प्रार्थनागीत म्हणत होतं. मी म्हटलं, "हेले, मी जिंकले." एवढंच. त्यापलीकडे एक शब्द नाही. आणि तू म्हणालीस, "सेन्सर कोणी बदलला?"

मी सेन्सर हा शब्द उच्चारला नव्हता, हेलेवी.

तुलाही ते लगेच कळलं. आणि मी तिथे चिखलात उभी, कानाला फोन, आणि सगळा उन्हाळा माझ्यासमोर आपोआप नीट लागत गेला. सॉसेज, मोहरी, शुक्रवारची संध्याकाळ, बंद बॉनेट. शर्यतीच्या आदल्या दिवशी तू खराब सेन्सर बसवायचीस आणि घरी गेल्यावर चांगला. म्हणजे ट्रॅकवर गाडी इतकी रडकी दिसावी की कोणी तिच्यावर बोली लावू नये. मी विचारलं, "तुला कसं माहीत?" तू म्हणालीस, "ते सोड. बोली लागली का?" मी म्हटलं, चार चिठ्ठ्या आहेत. आणि तू म्हणालीस, "देऊ नकोस. सरळ नाही म्हण. लायसन्स गेलं तर गेलं, नाहीतरी तू सोडणारच होतीस."

नाहीतरी मी सोडणारच होते. कोणी सोडायला लावलं, गं?

चिठ्ठी निघाली लापुआच्या एका लाकूडवाल्याची. अधिकारी समोर उभे, विचारतायत, बाई, गाडी देताय ना? मी दिली. रागाने दिली की नियमाने दिली, मला आजही सांगता येणार नाही. दोन्ही असेल. अर्ध्या तासापूर्वी मला माझी हिंमत परत मिळाली होती, आणि तू ती मला पुन्हा टाकून द्यायला सांगत होतीस, ज्या तोंडाने ती काढून घेतली होतीस त्याच तोंडाने. नाही दिली मी. गाडी दिली.

आता जे सांगते ते नीट वाच. तू मला आधी सांगितलं असतंस, नुसतं एकदा, की मारेट, मला ही गाडी ट्रॅकवर बघायची आहे, तिचा आवाज ऐकायचा आहे, पण ती जाऊ द्यायची नाही, तर मी काय केलं असतं असं तुला वाटतं? मी हातचं राखून चालवली असती. प्रत्येक शर्यतीत हसत हसत शेवटी आले असते. पिर्कोने टोमणे मारले असते, मी ऐकले असते, आणि आपण दोघी ट्रेलरवर बसून त्या सगळ्यांना हसलो असतो. तुझ्यासाठी मी आयुष्यभर शेवटी आले असते. तुला सेन्सर बदलायची गरजच नव्हती. पण तुला माझ्यावर तेवढाही भरवसा वाटला नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे, माझी भीती तुझ्या कामाची निघाली. सौनात मी जे तुझ्या ओंजळीत ठेवलं ते तू खिशात घातलंस आणि दर शुक्रवारी पान्यासारखं वापरलंस. इतकी आतल्या गाठीची तू कधी झालीस? की होतीसच, आणि मीच आंधळी?

आर्मासचं म्हणशील तर, त्याच्या किती गाड्या बोलीत गेल्या. दर वेळी तो नव्या मालकाला बाजूला घेऊन सांगायचा, दुसरा गिअर हळू टाक, थंडीत जरा दम धर. मग घरी येऊन नवीन भंगार शोधायला लागायचा. ही शेवटची होती, हे मला समजतं. शेवटची वस्तू कोणाला द्यावीशी वाटत नाही. मी ते समजून घेतलं असतं, तू समजावून सांगितलं असतंस तर. तुला ते एकटीनेच करायचं होतं.

मी गावात कोणाला काही बोललेले नाही. पिर्कोलाही नाही, तिला वाटतं सेन्सर आपला आपण बिघडला. लोक मला काय म्हणतात ते मी मूग गिळून ऐकतेय. ते तुझ्यासाठी की माझ्यासाठी, तेही आता कळेनासं झालंय. ग्रंथालयात जाऊन माझा अर्ज मात्र परत घेतला. साहेब म्हणाले, बरं झालं, कोणी दुसरं तयारच नव्हतं. आत्ता परवा बस नेताना येरवी तळ्याजवळच्या वळणावर मी ब्रेकवर पाय ठेवला नाही. एकटीच हसले. एरवी तुला फोन केला असता.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते, म्हणजे संपलं. लाकूडवाला गेल्या रविवारी काउहावाच्या ट्रॅकवर गाडी घेऊन उतरला होता. मीही गेले होते, बघायला म्हणून, आणि पेटीत माझी चिठ्ठी टाकली. आणखीही चिठ्ठ्या होत्या, पण माझी निघाली. पिर्कोने तिच्या ट्रेलरवर घालून गाडी आणून दिली, ती आता माझ्या कोठारात आहे. दाराच्या आतल्या बाजूला आर्मासच्या काळ्या हाताचा ठसा आहे, तो लाकूडवाल्याने पुसला नाही, मीही नाही. सारखं मनात आलं की चालवत न्यावी आणि तुझ्या अंगणात उभी करून निघून यावं. गाव वाहवा म्हणेल, तू ताडपत्री घालशील, आणि जे झालं ते त्या ताडपत्रीखाली जाईल. तसं मी करणार नाही. येत्या रविवारी सोरासुओला या वर्षाची शेवटची शर्यत आहे आणि मी ती गाडी घेऊन उतरणार आहे, चांगल्या सेन्सरसकट. तुझ्याकडे लायसन्स आहे. ये, आणि सगळ्यांच्या देखत पेटीत चिठ्ठी टाक, जशी बाकीचे टाकतात. चिठ्ठ्या अंतिम फेरी सुरू झाल्याशिवाय घेत नाहीत, तेव्हा तुला तिथे कठड्याशी उभं राहून मला चालवताना बघावं लागेल. तुझं नाव निघालं तर गाडी तुझी, मी एक शब्द बोलणार नाही. दुसऱ्याचं निघालं तर ती त्याची. आणि गाडी पहिल्यासारखी रडकी दिसेल, कोणी बोली लावणार नाही, या आशेवर येऊ नकोस. मी हातचं काही राखणार नाही.

तुझी (हा शब्द खोडून बघितला, खोडवला नाही)
मारेट